पडद्याकडे पाठ

माझ्या सासूबाईंनी सव्वीस वर्षांत शेकडो सिनेमे ऐकले, पाहिला एकही नाही. हे मी कुणाला सांगितलं की लोकांना थट्टा वाटते. त्या थिएटरात दारावर असतात. तिकीट बघायचं, फाडायचं, खेळ सुरू झाला की दार लावून आतल्या बाजूला उभं राहायचं, आणि तोंड ठेवायचं लोकांकडे. कोण सिगारेट काढतंय, कुणाला भोवळ येतेय, कुणाचं मूल रडतंय, ते बघणं हे त्यांचं काम. बाकीचे दारवाले चार दिवस नियम पाळतात आणि पाचव्या दिवशी हळूच मान वळवतात. सासूबाईंनी वळवली नाही. पहिल्या दिवशी मॅनेजरने सांगितलं, पडद्याकडे पाठ ठेवायची. त्यांनी ठेवली. अशा बाईबरोबर एका स्वयंपाकघरात नऊ वर्षं काढणं म्हणजे काय असतं ते मला विचारा.

घरी येऊन मात्र त्या अख्खा सिनेमा सांगतात, तोही प्रेक्षकांच्या चेहऱ्यांवरून. "तिसऱ्या रांगेतल्या बाईनं नवऱ्याच्या हातातला हात काढून घेतला. हिरोनं काहीतरी माती खाल्ली असणार." बहुतेक वेळा बरोबर असतं. मी नंतर सिनेमा बघून खात्री केलेली आहे, फक्त त्यांना तसं कधी सांगितलं नाही.

त्यांचा खरा दरारा होता तो मोठ्यांच्या सिनेमाला. 'फक्त प्रौढांसाठी' अशी पाटी लागली की गल्लीतली पोरं पेन्सिलीने मिशा काढून यायची, बापाचे बूट घालून यायची, जन्मसाल पाठ करून यायची. सासूबाई त्या पोराकडे बघायच्याच नाहीत. त्याच्याबरोबर जो कुणी असेल त्याच्या तोंडाकडे बघायच्या, आणि तो काका किंवा थोरला भाऊ दोन क्षणांत नजर चुकवायचा. मग एक घाव दोन तुकडे. "घरी जा." आई-बाप कडेवरचं मूल घेऊन यायचे आणि म्हणायचे, त्याला काय कळतंय, झोपेल तो. त्यांनाही परत पाठवायच्या. मॅनेजरच्या साल्याची मुलंही एकदा परत गेली होती. गल्लीत त्यांना सगळे 'कुलूप' म्हणतात. त्यांना ते माहीत आहे, आणि माझा अंदाज आहे की त्यांना ते आवडतं.

या सगळ्याच्या मागे त्यांची एक अभिमानाची गोष्ट होती, लग्न झाल्यापासून मी ती निदान शंभरदा ऐकली असेल. सासरे गेले तेव्हा माझा नवरा आठ वर्षांचा होता. घरी सांभाळायला कुणी नाही, म्हणून त्या त्याला थिएटरात न्यायच्या. दाराशी एक स्टूल ठेवायच्या आणि त्यावर त्याला उलटा बसवायच्या, त्यांच्यासारखाच, पडद्याकडे पाठ करून. "दोन वर्षं माझं पोर रोज थिएटरात वाढलं, पण एक वाईट गोष्ट त्यानं डोळ्यांनी पाहिली नाही," असं म्हणून त्या चहाचा कप ठेवायच्या, आणि पुढे बोलायची कुणाची टाप नसायची.

आता माझ्या मुलीबद्दल सांगते. ती सात वर्षांची आहे. नाक एवढंसं, म्हणून तिला बटण म्हणतात. गेल्या वर्षी आमच्या मागच्या रस्त्यावर, बंद पडलेल्या छापखान्यात, सिनेमाचं शूटिंग आलं. त्यांना एक लहान मुलगी हवी होती आणि बटण पापणी न लववता कितीतरी वेळ बघत राहू शकते. शाळेत या खेळात तिने सगळ्यांना हरवलंय. तिला तीन दिवसांसाठी घेतलं. काम एवढंच, की जिन्याच्या पायथ्याशी, एका पायात बूट नाही, डोळे उघडे, अशी पडून राहायचं.

मला माहीत होतं त्याचा अर्थ काय ते. कागदावर सही मीच केली. एक गोड बोलणारी मुलगी होती त्यांच्यात, वहीत सारखं काहीतरी लिहिणारी. ती म्हणाली, "लहान आहे ना ती, उगाच काही सांगू नका. पुतळ्याचा खेळ आहे म्हणा." मलाही सोपं वाटलं. मी बटणला म्हटलं, तू पुतळा व्हायचंस. ती झाली. तीन दिवस तिची मजा होती. रक्त म्हणून लाल पाक केसांना लावला तो तिने चाटून बघितला. संध्याकाळी तिच्या कानामागचा पाक मीच ओल्या फडक्याने पुसला आणि आम्ही दोघी हसलो. तेव्हा मनात शंकेची पाल चुकचुकायला हवी होती. नाही चुकचुकली.

वर्षभर तिने शाळेत सांगून ठेवलं, मी सिनेमात पुतळा झालेय. सिनेमा आला. जाहिरातीत कुठेही बटण नव्हती, आणि खाली लिहिलेलं होतं, फक्त प्रौढांसाठी. आणि लागला तो नेमका सासूबाईंच्या थिएटरात.

वर्गात तिला खोटारडी म्हणायला लागले. एका मुलाने फळ्यावर एक बाहुली काढली आणि खाली लिहिलं, खोटारडा पुतळा. बटण घरी आली, दप्तर ठेवलं आणि जेवायच्या टेबलाखाली जाऊन बसली. टेबलाखालून आवाज आला, "आजी, उद्या मला आत सोडशील ना?"

"नाही," सासूबाई म्हणाल्या.

"पण मी आहे त्यात."

"असलीस तरी."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. दिवसभर काचा घासून फ्रेममध्ये बसवायच्या, मान मोडून येते. त्या दिवशी एका म्हाताऱ्यांची काच माझ्या हातून फुटली होती, कारण डोक्यात सकाळपासून हेच चाललं होतं. मी म्हटलं, "आई, तिचा स्वतःचा सिनेमा आहे. ती पडली होती तिथे, खरीखुरी. तिला काय नवीन दिसणार आहे? आणि शाळेत पोरं तिला खोटारडी म्हणतायत, ते बरं आहे का?"

"वाईट आहे. पण दाराचा नियम नातीसाठी वेगळा नसतो."

"नियम, नियम. घर आहे हे, थिएटर नाही."

"मग घरात बोल हवं तेवढं. दारात येऊ नकोस."

माझा नवरा बस चालवतो. दिवसभर हॉर्न ऐकून घरी आला की आमच्या भांडणाकडे तो कानाडोळा करतो. तो उठला आणि स्वयंपाकघरातला नळ आवळायला लागला. ही त्याची जुनी खोड आहे. नळ गळत असो वा नसो, तो आवळतो. वर्षातून दोनदा वायसर तुटतो. पाहुण्यांच्या घरी जेवायला गेलो तरी मधेच उठून नळ आवळून येतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

"याला विचार," सासूबाई म्हणाल्या. "थिएटरात वाढलेलं पोर आहे. एक वाईट गोष्ट त्यानं डोळ्यांनी..."

"आई, पुरे," तो म्हणाला.

तो असं कधी बोलत नाही. त्याची पाठ आमच्याकडे होती आणि हात नळावर.

"मी बघितलं नाही, खरं आहे. तू उलटं बसवायचीस. पण ऐकू यायचं. एक सिनेमा होता, पाच आठवडे चालला. त्यात नळ गळायचा. टप्, टप्, बराच वेळ. आणि मग समोरची सगळी माणसं एकदम... सगळी मोठी माणसं, आई. कुणी तोंडावर हात ठेवायचं, कुणी डोळे मिटायचं. पाचशे माणसं माझ्याकडे तोंड करून घाबरायची. माझ्या पाठीमागे काय होतं ते मला आजपर्यंत माहीत नाही. मी मनातल्या मनात जे बनवलं ना, तसलं कुठल्याच सिनेमात नसेल."

"मग मागे वळून बघायचं होतंस," मी म्हटलं. कशाला म्हटलं कोण जाणे.

"आईनं सांगितलं होतं, वळायचं नाही."

सासूबाई बसून राहिल्या. त्यांच्या हातात चहाचा कप होता तो त्यांनी ठेवला नाही, प्यायल्याही नाहीत. त्यांच्या आयुष्यातली एकुलती एक बढाईची गोष्ट होती ती, आणि ज्याच्याबद्दल होती त्यानेच ती मोडली. मला त्या क्षणी त्यांची कीव आली, आणि कीव आल्याचा रागही आला. टेबलाखाली बटण होती हे आम्ही तिघंही विसरलो होतो. तिने नुसतं विचारलं, "बाबा, कुठला नळ?"

"कुठला नाही, बाळा," नवरा म्हणाला आणि आवळलेला नळ परत आवळला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या खेळाला जे झालं ते मला ऑपरेटरने सांगितलं. वरच्या खोलीत बसून सिनेमा चालवणारा तो माणूस. तो त्याचा वाचायचा चष्मा घट्ट करून घ्यायला दुकानात आला होता. "वहिनी, आज कुलूप फिरलं," तो म्हणाला. "मी वरच्या खिडकीतून बघतोय तर दारावर तुमच्या सासूबाई पडद्याकडे तोंड करून उभ्या. मला वाटलं तब्येत बिघडली. एवढी वर्षं आम्ही बरोबर काम करतोय, मी त्यांची अशी पाठ पाहिलीच नव्हती."

त्या घरी आल्या आणि बटाटे सोलायला बसल्या. थोड्या वेळाने मी बघितलं तर सालं पातेल्यात पडत होती आणि बटाटे केराच्या डब्यात. मी बटाटे उचलून धुतले.

"दाखवायचं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तिला. उद्या नाहीतर परवा कुणाचा तरी थोरला भाऊ सिनेमा बघेल आणि हिला सांगेल. मग ही पण याच्यासारखं मनात बनवत बसेल. सोमवारी सकाळी ऑपरेटर मशीन तपासतो तेव्हा दार बंद असतं. आतले दिवे लावायचे, आवाज बंद ठेवायचा, आणि हिचा तुकडा तेवढा दाखवायचा. अर्धा मिनिट आहे. मागचं पुढचं काही नाही."

"आणि तुमचा नियम?"

"नियम खेळाचा आहे. हा खेळ नाही." त्यांनी सुरी खाली ठेवली. "आणि तू येऊ नकोस."

"मी? मी का नको?"

"तुझं तोंड मला माहीत आहे."

"आई, ती माझी मुलगी आहे."

"म्हणून तर."

सव्वीस वर्षं माणसांची तोंडं बघण्यात घालवलेली बाई मला सांगत होती आणि मला मात्र तिच्या शब्दांत फक्त सासू ऐकू आली. मी हटून बसले. माझ्या मुलीला तिची आजी एकटी सिनेमा दाखवणार आणि मी काय बाहेर फुटपाथवर उभी राहणार? रविवारचा अख्खा दिवस मी घरात इकडून तिकडे फिरत होते. कपडे वाळत घातले, काढले, ओले निघाले म्हणून पुन्हा घातले. नवरा म्हणाला, "आईचं ऐक ना या वेळी." मी म्हटलं, "तू नळ बघ तुझा." हे मी बोलायला नको होतं. त्याला ड्यूटी होती, तो निघून गेला.

सोमवारी आम्ही तिघी गेलो. थिएटर सकाळी बघितलेलं नव्हतं मी कधी. खुर्च्यांची फाटकी कापडं दिसत होती आणि फिनेलचा वास येत होता. सासूबाईंनी छातीवरचा बिल्ला काढला आणि दाराच्या कडीला अडकवला. "ड्यूटीवर असते तर हिला सोडलं नसतं," त्या म्हणाल्या. मग बटणला मधल्या रांगेत बसवलं. मला शेवटच्या रांगेत बसायला सांगितलं, एकदम मागे, आणि ते मी ऐकलं, पण फक्त अर्धं. एकदम मागे न जाता बटणच्या मागच्याच खुर्चीवर बसले. स्वतः सासूबाई पुढे जाऊन पडद्याकडे पाठ करून, बटणकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

त्यांनी हात वर केला आणि पडद्यावर जिना आला.

मला सगळं माहीत होतं. तो जिना माहीत होता, तो पाक माहीत होता, तो बूट मी स्वतः तिच्या पायातून काढून दिला होता. पण पडद्यावर होती ती माझी मुलगी होती आणि ती मेलेली होती. वीस फूट उंच. तिचे डोळे उघडे होते आणि ते कुणाकडेच बघत नव्हते. मी आयुष्यात घाबरलेय, रडलेय, बाळंतपणात ओरडलेय. पण असं कधी झालं नव्हतं. मी तोंडावर हात ठेवला.

"बिस्कीट!" बटण ओरडली. "आजी, माझ्या खिशात बिस्कीट आहे बघ, खिसा फुगलाय! मी ठेवलं होतं! आई, तुला बिस्कीट दिसलं का?"

आणि ती आनंदाने मागे वळली. तिने माझं तोंड पाहिलं.

तिचं हसू गेलं. तसं जाताना मी पहिल्यांदाच पाहिलं, एकदम नाही, आधी डोळ्यांतून आणि मग ओठांवरून. मी हात खाली घेतला, हसायचा प्रयत्न केला, आणि ते त्याहून वाईट झालं असणार.

"आई, तू का रडतेस? मी पुतळा आहे ना?"

तिने वळून पडद्याकडे पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडे.

"मी मेलेय का तिथे?"

सासूबाई तोपर्यंत रांगेतून आत आल्या होत्या. त्यांनी बटणची हनुवटी धरून तिचं तोंड स्वतःकडे वळवलं. "माझ्याकडे बघ. हो. सिनेमातली मुलगी मेलीय. तू तिचं काम केलंस."

"मग पुतळा का म्हणाले?"

"तुला मेलेली म्हणायला आम्हांला भीती वाटली."

"कुणाला?"

"सगळ्यांना. त्या सिनेमावाल्यांना, तुझ्या आईला, बाबाला. मला पण."

बटणने विचार केला. ती विचार करते तेव्हा ते बटणाएवढं नाक आणखी आक्रसतं. "मग मला सांगायचं ना," ती म्हणाली. तिचा आवाज रागावलेला होता, आणि रागाचा सगळा रोख माझ्याकडे. "मी नीट मेले असते. पुतळ्यानं श्वास घेतला तर चालतं. मी घेतला."

तिने ऑपरेटरला हात करून तो तुकडा आणखी दोनदा लावायला लावला. दुसऱ्यांदा तिने दाखवलं, फ्रॉकचा खिसा हलतो ते. बिस्कीट वर जातं, खाली येतं. एवढं मोठं सगळं शूटिंग, एवढी माणसं, कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तिसऱ्यांदा मलाही दिसलं. मी त्या खिशावरून नजर काढली नाही. सासूबाईंनी तीनही वेळा पडद्याकडे पाठ ठेवली आणि दोघींची तोंडं बघितली. परत येताना त्या मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

बटणने शाळेत जाऊन सांगितलं, मी पुतळा नव्हते, मी मेलेली होते आणि आजीनं मला दाखवलं. दुसऱ्या दिवशी वहीत बाईंची चिठ्ठी आली, घरी मुलीला काय काय दाखवता, कृपया येऊन भेटा. मी म्हटलं, मी जाते. सासूबाईंनी चप्पल घातली. "मी जाते. दाखवलं मी आहे." बिल्ला लावून गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही, पण चिठ्ठ्या पुन्हा आल्या नाहीत, आणि फळ्यावरची चित्रंही थांबली. नवऱ्याच्या नळाचं मात्र काही बदललं नाही. फक्त आता तो उठला की सासूबाई त्याच्याकडे बघतात, आणि ती स्टुलाची गोष्ट त्यांनी परत कुणाला सांगितलेली नाही.

बटणला काही झालं नाही. ती झोपते, खाते, दात पाडते. तो सिनेमा कुणाच्या वयाचा नव्हता ते मला कळलंय. दुकानात काच घासताना तिचे उघडे डोळे समोर येतात आणि हात थांबतो. ती झोपली की मी काहीतरी निमित्त काढून खोलीत जाते, पांघरूण सारखं करते, खिडकी लावते, आणि तिचं पोट हलतंय का बघते. पांघरूण जाड असलं की कळत नाही. मग वाकून बघते. दिसलं की जाते, आणि थोड्या वेळाने पुन्हा येते.

परवा रविवारी दुपारी ती अशीच आडवी झाली होती. मी दाराशी आले. बराच वेळ मला काही हलताना दिसेना, म्हणून आत गेले आणि वाकले. तिचे डोळे मिटलेले होते आणि तोंड भिंतीकडे.

"घेतेय मी श्वास, आई," बटण म्हणाली. "जा तू."